फवारणीनंतरही अंगणात डास आणि गोचीड पुन्हा का येतात?

उन्हाळ्यात अनेक घरांपुढे एकच अडचण वारंवार उभी राहते. अंगणात डास वाढले म्हणून औषध फवारले जाते, दोन-चार संध्याकाळी सुखाच्या जातात आणि मग डास पूर्वीइतकेच होतात. कुत्र्याच्या कानामागचे गोचीड एकेक करून काढले जातात आणि काही दिवसांनी तितकेच नवे गोचीड त्याच जागी दिसू लागतात. अशा वेळी औषध सौम्य होते असे समजून अधिक तीव्र औषध आणले जाते किंवा त्याच औषधाची मात्रा वाढवली जाते. माझ्या मते हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. फवारणी होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या जिवांवर. ते ज्या पाण्यात, ज्या ओलसर सावलीत किंवा ज्या प्राण्याच्या अंगावर वाढतात तिथे ती पोहोचतच नाही. म्हणून औषध बदलण्याआधी हे जीव किती दिवसांनी, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि आवाराच्या कोणत्या भागात परत दिसतात याची नोंद ठेवावी, कारण मूळ जागेकडे नेणारा सर्वांत भरवशाचा धागा तोच असतो.

परत येण्याचा कालावधी काय सांगतो

उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. थंड हवेत याच वाढीला बराच अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यात डास एकाएकी वाढल्यासारखे वाटतात त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की झाडांना रोज पाणी घातले जात असल्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या आणि नळाभोवतालचे खळगे ऐन उन्हाळ्यातही कोरडे पडत नाहीत.

फवारणीची तारीख लिहून ठेवली, तर पुढचे बरेचसे निदान आपोआप होते. सुमारे आठवडाभर शांतता आणि नंतर एकदम वाढ असा क्रम दिसत असेल, तर पाणी आपल्याच आवारात साचलेले आहे आणि फवारणीच्या वेळी जी अंडी व लहान अळ्या त्या पाण्यात सुरक्षित होत्या, त्यांचेच हे डास आहेत, असे समजायला हरकत नाही. डास एक-दोन दिवसांतच परतले, तर शक्यता अनेक असतात: ते आवाराबाहेरून येत असतील, दिवसा ते ज्या दाट झुडपांत पानांच्या खालच्या बाजूला बसून राहतात तिथे औषध पोहोचले नसेल, पाण्यातील कोष (अळी आणि उडणारा डास यांच्यामधली अवस्था) त्या सुमारास फुटण्याच्या बेतात असतील, किंवा त्या औषधाला डास सरावले असतील. हा शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. घरगुती औषधांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटाला दाद न देणारे डास जगाच्या अनेक भागांत आढळले आहेत आणि तिथे मात्रा वाढवल्याने फक्त माणसांचा आणि मधमाश्यांचा धोका वाढतो. आणखी एक क्रम असा दिसतो की पुष्कळ दिवस कोरडे जातात, डास जवळजवळ नसतात आणि पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात त्यांचा लोंढा येतो. हे एडिस जातीचे लक्षण आहे. या जातीची मादी अंडी पाण्यात न घालता भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवते; ती अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात आणि पाणी वर चढून त्यांना स्पर्श करताच फुटतात.

चावण्याची वेळही तितकीच उपयोगी आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला काळसर डास दिवसा, विशेषतः सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या आधी चावत असेल, तर तो एडिस समजावा. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका यांचे विषाणू हाच डास पसरवतो आणि तो जिथे जन्मतो तिथून सहसा शे-दोनशे मीटरांच्या पलीकडे जात नाही. याचा अर्थ त्याचे पाणी आपल्या किंवा अगदी लगतच्या आवारात आहे आणि शोधले तर सापडणारच आहे. रात्री चावणारा क्युलेक्स मात्र किलोमीटरभर किंवा त्याहूनही दूरवरून येऊ शकतो आणि त्याला गटार, तुंबलेली नाली, शौचालयाची टाकी असे घाण पाणी आवडते. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलीसही संध्याकाळनंतरच चावतो. तो शरीराचा मागचा भाग वर उचलून बसतो आणि एरवी तुलनेने स्वच्छ पाणी पसंत करतो. दिवसा चावणाऱ्या डासांसाठी आवार पिंजून काढणे हा उपाय आहे, तर रात्रीच्या डासांसाठी त्याच्या जोडीला शेजाऱ्यांशी बोलणे, सार्वजनिक नाल्याची तक्रार नोंदवणे आणि बसण्याच्या जागेचा स्वतंत्र बंदोबस्त करणे भाग पडते.

शोधूनही न सापडणारे पाणी

पिंप, बादली आणि जुने टायर यांकडे सगळ्यांचेच लक्ष जाते. समस्या वारंवार परत येते ती बहुधा नजरेच्या पातळीच्या वर किंवा जमिनीखाली असलेल्या पाण्यामुळे. छताच्या पन्हळीत पाने अडकली की त्यांच्या मागे पाणी थांबते आणि खालून पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. सामानावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, कुंपणाच्या पोकळ खांबांची उघडी तोंडे, कापलेल्या बांबूची पेरे, झाडाच्या खोडातील ढोली, पानांच्या बेचक्यात पाणी धरून ठेवणाऱ्या शोभेच्या वनस्पती, वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी, पाण्याच्या मीटरचा खड्डा आणि पालथ्या घातलेल्या डब्याच्या तळाची खोलगट कड या जागा मुद्दाम तपासाव्यात. पन्हळीच्या टोकाला जोडलेल्या लवचीक, वळ्या असलेल्या पाईपमध्ये प्रत्येक वळीत थोडे थोडे पाणी राहते. हा पाईप तिथे असेल तर तो काढून गुळगुळीत पाईप बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. शौचालयाच्या टाकीच्या हवा जाण्याच्या पाईपला जाळी नसेल, तर एकट्या त्या पाईपमधून निघणारे क्युलेक्स डास सगळ्या अंगणाला पुरतात. एडिसला तर बाटलीच्या झाकणात मावेल एवढे पाणीही चालते.

संशय असलेले पाणी पांढऱ्या वाटीत किंवा डावात घेऊन एक-दोन मिनिटे स्थिर ठेवावे. वळवळत खाली जाऊन पुन्हा श्वासासाठी वर येणारे बारीक जीव म्हणजे अळ्या. त्या पृष्ठभागाला तिरक्या लोंबकळत असतील तर क्युलेक्स किंवा एडिस, आणि पृष्ठभागाला समांतर आडव्या असतील तर अ‍ॅनोफेलीस. स्वल्पविरामासारखे वळलेले, डोके मोठे असलेले जीव म्हणजे कोष, आणि ते दिसले तर दोन-तीन दिवसांत डास बाहेर पडणार आहेत हे निश्चित.

पाणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी ओतून द्यावे. सात दिवसांपेक्षा मोठे अंतर पडले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. हे पाणी गटारात न ओतता कोरड्या, उन्हातल्या मातीवर ओतावे. भांडे रिकामे केल्यावर त्याची आतली बाजू काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासणे तितकेच महत्त्वाचे आहे. नियमाने पाणी बदलणाऱ्या घरांतही एडिस टिकून राहतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते: पाणी बदलले जाते, पण भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात आणि नवे पाणी भरताच फुटतात.

जे पाणी ओतता येत नाही त्याला दोन मार्ग आहेत. साठवणीच्या टाकीला घट्ट झाकण किंवा दीड मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची जाळी लावावी आणि ती कडेने नीट बांधावी, कारण एका कोपऱ्यातील फटही मादीला आत शिरायला पुरेशी होते. शोभेचे तळे, पक्ष्यांसाठी ठेवलेले मोठे पात्र किंवा उपसता न येणारा खड्डा यांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, म्हणजेच बीटीआय या जिवाणूपासून बनवलेली वडी किंवा दाणे टाकता येतात. हा जिवाणू १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात सापडला. त्यातील प्रथिने अळीच्या आतड्यात गेल्यावर विषारी ठरतात. माणूस, पाळीव प्राणी, मासे आणि मधमाश्या यांना त्यांचा अपाय होत नाही. मात्र कोष काही खात नाही, त्यामुळे औषध टाकल्यानंतरही दोन-तीन दिवस डास निघत राहतात आणि ते पाहून औषध निकामी आहे असे ठरवू नये. वेष्टनावर दिलेला अवधी संपला की ते पुन्हा टाकावे लागते. बंदिस्त हौदात गप्पी मासे सोडणे हाही चांगला उपाय आहे. नैसर्गिक ओढ्यात किंवा तळ्यात मात्र ते आणि अळ्या खाणारे गॅम्बुशिया मासे सोडू नयेत, कारण तिथल्या मूळच्या माशांना आणि बेडकांना त्यांचा उपद्रव होतो. रॉकेल किंवा जळके तेल ओतणे टाळावे. त्याने माती आणि भूजल बिघडते.

ज्यावर खर्च करून उपयोग होत नाही

निळसर प्रकाशाचे विजेचे सापळे रात्रभर तडतडत राहतात आणि त्यामुळे काहीतरी घडत आहे असा समज होतो. अमेरिकेतील डेलावेअर येथील संशोधकांनी १९९६ साली अशा सापळ्यांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले, तेव्हा त्यांत चावणारे केवळ ३१ निघाले. बाकीचे बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगी होते. मादी डासाला प्रकाशापेक्षा आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास अधिक खेचतो. अल्ट्रासॉनिक ध्वनी सोडणाऱ्या यंत्रांचा डास चावण्यावर काहीही परिणाम होत नाही, हे प्रत्यक्ष घराबाहेर झालेल्या चाचण्यांच्या २००७ सालच्या एकत्रित आढाव्यातून स्पष्ट झाले आहे. डास पळवणारी म्हणून विकली जाणारी रोपे नुसती कुंडीत उभी असताना डासांना रोखत नाहीत.

धूरफवारणी हवेत उडणारे डास त्या वेळेपुरते मारते. रोगाची साथ आली असताना तिला स्थान आहे, पण घरच्या अंगणात दर आठवड्याला ती करण्याचे समर्थन मला करता येत नाही. त्याऐवजी बसण्याच्या जागी मोठा पंखा लावावा. डासाचा उडण्याचा वेग ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे पंख्याच्या झोतात त्याला टिकता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही वाऱ्याने विखुरला जातो. झोत पायांच्या पातळीवरही येईल असा ठेवावा, कारण पुष्कळ डास घोट्यांभोवतीच चावतात.

गोचिडाची समस्या वेगळी आहे

गोचीड हा कीटक नसून कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील आठ पायांचा जीव आहे; अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तेवढे सहाच पाय असतात. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही आणि वाढीसाठी साचलेले पाणी लागत नाही. डासांसाठी केलेली सगळी मेहनत गोचिडाला स्पर्शही करत नाही, आणि दोन्हींवर एकाच फवारणीचा भरवसा ठेवला जातो हीच मोठी अडचण आहे. गवतातील गोचीड पात्याच्या टोकाजवळ चढून पुढचे पाय पसरून थांबतो. त्या पायांवरील सूक्ष्म इंद्रियाने त्याला श्वास, उष्णता आणि वास कळतो आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याला किंवा कपड्याला तो बिलगतो. बहुतेक गोचीड पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत एकदा रक्त पितात आणि दर वेळी नवा प्राणी शोधतात.

येथे पहिला प्रश्न असा विचारावा की गोचीड कुठे दिसतात. भिंतीवर चढताना, दारे-खिडक्यांच्या फटींत, कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेजवळ दिसत असतील, तर तो बहुधा तपकिरी श्वान-गोचीड आहे. जगभर पसरलेली ही जात तिन्ही अवस्थांत कुत्र्याच्याच रक्तावर जगते, कोरड्या हवेतही टिकते आणि घराच्या आत आपले सगळे जीवनचक्र पूर्ण करू शकते. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरून फटीत हजारो अंडी घालते. उपाशी प्रौढ अनेक महिने वाट पाहू शकतो. म्हणून केवळ कुत्र्यावरचे गोचीड काढून किंवा केवळ अंगण फवारून ही समस्या कधीच संपत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला गोचीडरोधक औषध देणे, अंथरुण गरम पाण्याने धुणे, फटी व्हॅक्यूमने साफ करून बुजवणे आणि गरज पडल्यास कुत्र्याच्या घरावर औषध मारणे ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी काही आठवड्यांनी पुन्हा झाली पाहिजेत. घरात मांजर असेल तर एक गोष्ट जिवाच्या मोलाची आहे: कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे ते मांजराला लावू नये आणि नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याजवळही तिला जाऊ देऊ नये.

गोचीड माणसांच्या पायांवर किंवा फिरून आलेल्या कुत्र्यावर दिसत असतील आणि घरात मात्र नसतील, तर ते अंगणाच्या कडेला आहेत. खात्री करण्यासाठी सुमारे मीटरभर लांब-रुंद पांढरे फ्लॅनेलचे कापड दांडीला बांधून कोरड्या गवतावरून हळूहळू ओढावे आणि थोड्या थोड्या अंतरावर उलटून पाहावे. पांढऱ्यावर गडद ठिपके चालताना दिसतात. गोचीड सापडले तर जागा कळते. न सापडले तर ते नाहीतच असे मात्र ठरत नाही. गोचीड मिळतात ते बहुधा मोकळ्या, उन्हातल्या हिरवळीवर नव्हे, तर झाडी आणि हिरवळ जिथे मिळतात तिथे, दगडी कुंपणाच्या पायथ्याशी, लाकडांच्या ढिगाजवळ आणि पालापाचोळ्याखाली. अनेक जातींना दमट हवा लागते. ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही, आणि उपायाचा आधार हाच आहे. पालापाचोळा उचलावा, गवत आखूड ठेवावे, झुडपांच्या खालच्या फांद्या छाटून जमिनीपर्यंत ऊन पोहोचू द्यावे, लाकडे जमिनीपासून वर आणि उन्हात रचावीत. झाडी आणि हिरवळ यांच्यामध्ये सुमारे एक मीटर रुंदीचा लाकडाच्या चिपांचा किंवा खडीचा कोरडा पट्टा करावा; मुलांचे झोपाळे आणि बसण्याची बाके या पट्ट्यापासून दूर, उन्हाच्या बाजूला आणावीत. उंदीर हे गोचिडांच्या पिल्लांचे मोठे आश्रयस्थान असल्यामुळे सांडलेले धान्य, उघडा कचरा आणि अडगळ हटवणे हेही गोचीड नियंत्रणाचेच काम आहे, आणि भटके किंवा रानटी प्राणी कुंपणातून आत येत असतील तर दर आठवड्याला नवे गोचीड आत सोडले जात आहेत असे समजावे.

अंगणातील फवारणी गोचिडांची संख्या कमी करते, हे खरे आहे. अमेरिकेतील तीन राज्यांत २०११ आणि २०१२ साली झालेल्या एका मोठ्या चाचणीत २,७०० हून अधिक घरांपैकी काहींच्या अंगणात औषध आणि काहींच्या अंगणात नुसते पाणी फवारले गेले. औषध मारलेल्या अंगणांत गोचीड ६० टक्क्यांहून अधिक घटले, पण तिथल्या माणसांच्या अंगावर गोचीड आढळण्याचे आणि त्यांना गोचिडांमुळे आजार होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण अंगण फवारले म्हणून अंग तपासायचे सोडणे किती धोक्याचे आहे ते यातून कळते. फवारणी करायचीच असेल तर ती कडेच्या पट्ट्यापुरती, वेष्टनावरील मात्रेत, वारा नसताना करावी. फुलांवर आलेली झाडे आणि माशांची तळी पूर्णपणे वगळावीत.

अंगणातून घरात येताना

डासांसाठी उघड्या त्वचेवर २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेले औषध लावावे. ही औषधे गोचिडांनाही दूर ठेवतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळांना डीट लावू नये आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल तीन वर्षांखालील मुलांना वापरू नये. उन्हापासून बचाव करणारे क्रीम आधी आणि हे औषध नंतर लावावे. बागकामाचे कपडे फिक्या रंगाचे असावेत आणि पायजमा मोज्यात खोचावा.

काम संपल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करून काखा, कानांमागे, केसांत, बेंबीत, कमरेभोवती, जांघेत आणि गुडघ्यांच्या मागे पाहावे. मधल्या अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढा असतो, त्यामुळे नजरेइतकाच बोटांचा स्पर्शही उपयोगी पडतो. थंड पाण्यात धुतलेल्या कपड्यांत गोचीड जिवंत राहू शकतात. कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले तर ते मरतात.

चिकटलेला गोचीड टोकदार चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ वर एकसारखा ओढावा. तेल, व्हॅसलिन, रॉकेल किंवा पेटती काडी लावून तो सुटण्याची वाट पाहू नये. त्यात वेळ जातो आणि त्याच्या शरीरातील स्राव जखमेत उतरण्याची भीती राहते. नंतर जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. लाइम रोगाचा जिवाणू शरीरात यायला गोचीड सहसा २४ तासांहून अधिक काळ चिकटलेला असावा लागतो, पण काही विषाणू काही मिनिटांतच येऊ शकतात, म्हणून काढणे उद्यावर टाकू नये. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगावर पुरळ, पसरत जाणारा लाल चट्टा किंवा असह्य अंगदुखी जाणवली, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याची तारीख आणि जागा सांगावी. दिवसा डास चावत असलेल्या घरात कोणाला अचानक तीव्र ताप आला, तर डेंग्यू नाही असे तपासणीतून ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोपर्यंत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी घ्यावे, आणि पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.